मर्यादित बजेटमध्ये बेली डान्स वर्कशॉपची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली नर्तकी माझ्या नेहमीच्या वर्गातली विद्यार्थिनी आहे. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव, गाव आणि कामाचा तपशील वगळला आहे. बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे आणि तिने ते वाचून होकार दिला आहे.

नोकरी सांभाळून ती काही वर्षं नियमित शिकत होती. तिचा पाया इजिप्शियन रक्स शर्कीचा, म्हणजे बेली डान्सच्या मंचावरच्या शैलीचा. ही शैली विसाव्या शतकात कैरोच्या रंगमंचावर घडली. बदिया मसाबनी यांनी 1926 मध्ये तिथे स्वतःचं मनोरंजनगृह सुरू केलं आणि सामिया गमाल, तहिया कारिओका अशा नर्तकी त्यांच्याकडेच पुढे आल्या. हिप ड्रॉप, कमरेने काढायचा आठचा आकडा, शिमी (कमरेची जलद थरथर), धडाची लाट ही सगळी मूलभूत कामं तिच्या अंगात चांगली बसलेली होती. वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात तिला एकल नृत्य करायचं होतं, आणि त्या वेळी दरबुका (हाताने वाजवायचा अरबी ढोल) प्रत्यक्ष वाजणार होता. म्हणजे पाठ केलेल्या रचनेवर विसंबून चालणार नव्हतं.

बाहेरच्या वर्कशॉपसाठी तिने वर्षभराची एक ठरावीक रक्कम बाजूला काढली होती. त्यापलीकडे एक पैसाही खर्च करायचा नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेली डान्सला सगळीकडे चालेल असा एकच अभ्यासक्रम नाही, सर्वमान्य परीक्षा नाही. काही शिक्षिकांनी आपापल्या पद्धती बांधल्या आहेत, प्रमाणपत्रंही आहेत, पण ती त्या त्या पद्धतीपुरती. त्यामुळे नेहमीच्या क्लासपलीकडे शिकायचं तर पाहुण्या शिक्षकांच्या वर्कशॉपचाच मोठा आधार असतो. आणि पुढचं पाऊल कोणतं हे सांगणारं कुणी नसल्यामुळे माणूस जाहिरातीच्या मागे जातो. नाचावर मनापासून प्रेम करणाऱ्या कितीतरी मुलींचे पैसे असे चार दिशांना गेलेले मी पाहिले आहेत. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते म्हणूनच.

अडचण

तिने मला विचारलं तेव्हा प्रश्न साधा होता : "ताई, यातलं कोणतं करू?" हातात यादी होती आणि त्या यादीतल्या प्रत्येक वर्कशॉपला जाण्याचं काही ना काही कारण होतं.

यादी बाजूला ठेवून आम्ही तिच्या आदल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. गाणं मकसूम नावाच्या ठेक्यावर सुरू होतं. मध्येच मिझमार (सनईसारखं वाद्य) घुमतो आणि ठेका बदलून सईदी होतो. पडद्यावर ती मात्र तोच मऊ आठचा आकडा काढत राहिली. मी व्हिडिओ थांबवून विचारलं, "इथे काय बदललं?" ती म्हणाली, "गाणं फास्ट झालं." लय तीच होती. बदलला होता तो ठेका.

हा बदल किती बारीक असतो ते पाहण्यासारखं आहे. दरबुक्यावर मधोमध पडणारा भरदार आघात म्हणजे दुम, काठावरचा खणखणीत आघात म्हणजे तक. आठ जागा धरल्या (रेघ म्हणजे रिकामी जागा) तर मकसूमचा सांगाडा असा : दुम तक – तक दुम – तक –. सईदीचा असा : दुम तक – दुम दुम – तक –. फरक फक्त चौथ्या जागेवर, तकच्या ऐवजी दुम. बलदी नावाने ओळखला जाणारा ठेका घ्या : दुम दुम – तक दुम – तक –. तिथे मकसूमपासून फरक फक्त दुसऱ्या जागेवर. एकेका आघाताने ठेक्याचं नाव बदलतं, आणि नावाबरोबर नाचणाऱ्याचं वजन, पाऊल, छातीचा ताठपणा, सगळं बदलायला हवं. सईदी वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तचा. त्यात पाय जमिनीला धरून असतात आणि अंगात एक रुबाब असतो.

पुढे नेयवर (बासरीसारख्या वाद्यावर) तक्सीम आली. तक्सीम म्हणजे एका वाद्याचं उत्स्फूर्त वादन, ज्याखाली अनेकदा ठेका नसतोच. तिथे तिचे ओठ हलत होते. ती मनात आकडे मोजत होती.

म्हणजे तिच्याकडे हालचालींची कमतरता नव्हती. कमी पडत होता तो कान. यादीतली बहुतेक वर्कशॉप तिला आणखी हालचाली देणार होती.

दुसरी अडचण शरीराची. लांब शिमीनंतर तिचा उजवा गुडघा दुखायचा. ती गुडघे मागे ताणून, जवळजवळ लॉक करून शिमी करत होती. तिसरी अडचण वेळेची, आणि ती यादीत कुठेच लिहिलेली नव्हती. क्लास सोडून आठवड्यात जेमतेम दोन संध्याकाळी तिला सरावाला मिळत. वर्कशॉपमध्ये शिकलेलं अंगात मुरवायचं तर त्याच दोन संध्याकाळी वापरायच्या होत्या.

समोरचे पर्याय

सगळ्यात मोठा पर्याय दुसऱ्या शहरातल्या वीकेंड फेस्टिव्हलचा. बरेच पाहुणे शिक्षक, दिवसभर एकामागून एक वर्ग आणि शेवटी शिक्षकांचा गाला शो. पूर्ण पास, प्रवास, राहणं आणि खाणं धरलं तर आकडा तिच्या वार्षिक रकमेच्या वर जात होता. अर्ली बर्ड सवलत घेतली तर जेमतेम बसत होता, पण मग वर्षभर दुसरं काही नाही. शिवाय सवलतीची मुदत आधी संपणार होती आणि कोणत्या वर्गात कोण काय शिकवणार हे नंतर जाहीर होणार होतं.

दुसरा पर्याय, नावाजलेल्या शिक्षिकेचं ड्रम सोलोचं, म्हणजे फक्त ढोलाच्या वादनावर नाचण्याचं, एका दिवसाचं वर्कशॉप. तिथे पूर्ण रचना बसवून घेणार होते. याचं तिला सगळ्यात जास्त आकर्षण होतं, आणि ते मला समजतं. ड्रम सोलोत प्रत्येक आघाताला अंग उत्तर देतं. बघणाऱ्याला आणि करणाऱ्याला, दोघांनाही त्याची नशा असते. पण रचनेच्या वर्कशॉपची एक अडचण आहे. तीन-चार तासांत चार मिनिटांचा नाच पाठ करायचा म्हटलं की डोकं क्रम लक्षात ठेवण्यात गुंतून जातं. शिक्षिका वजन कुठे टाकते, कुठे मुद्दाम थांबते, हे बघायला उसंत राहत नाही. आणि पुढच्या काही दिवसांत सराव झाला नाही तर तो क्रमही विरून जातो.

तिसरा, एका दरबुकावादकाचं ताल आणि श्रवणाचं सत्र. फी सगळ्यात कमी, जाहिरात सगळ्यात साधी. नाचाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. यादीत ते अगदी तळाशी होतं.

चौथा, खासगी तास. माझ्याकडे नव्हे, तर शरीरशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या एका दुसऱ्या नृत्यशिक्षिकेकडे. तासाचा दर चढा, पण लक्ष पूर्ण एकीवर.

याखेरीज सिल्क फॅन व्हेलचं, म्हणजे रेशमी कापड लावलेल्या पंख्यांचं, वर्कशॉप होतं. ते लगेच बाद झालं : पंखे वेगळे विकत घ्यावे लागणार होते आणि घरात ते फिरवायला जागा नव्हती. ट्रायबल शैलीचा पायाभूत वर्गही होता. ही शैली कॅरोलिना नेरिचिओ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 1987 मध्ये सुरू केलेल्या गटातून पुढे आली. त्यात सगळ्या जणी मिळून उत्स्फूर्त नाचतात : पुढे असलेली नर्तकी ठरलेल्या खुणा देते, बाकीच्या तिच्यामागे जातात. फार सुंदर पद्धत आहे. पण त्या खुणा जाणणाऱ्या आणखी दोघी-तिघी जवळ हव्यात. तिच्या ओळखीत तशी एकही नव्हती, म्हणजे शिकून आल्यावर सराव करणार कुणाबरोबर? रेकॉर्ड केलेला झिल्सचा (बोटांत घालून वाजवायच्या छोट्या झांजांचा) ऑनलाइन कोर्स मात्र आम्ही 'नंतर पाहू' म्हणून ठेवला, कारण तो कधीही घेता येणार होता.

निर्णय कसे झाले

पहिला निर्णय यादीला हात न लावता झाला. व्हिडिओ पाहून तिने तीन वाक्यं लिहिली : ठेका बदललेला मला कळत नाही. गुडघा दुखतो. ठेका थांबला की मी घाबरते. जे वर्कशॉप या तीनपैकी एकालाही हात घालत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी या वर्षी नको. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. त्याआधी प्रत्येक वर्कशॉप 'चांगलं' होतं आणि त्यामुळे निवड करता येत नव्हती.

दुसरा निर्णय खर्च मोजण्याच्या पद्धतीचा. प्रत्येक पर्यायासमोर तिने फी, प्रवास, राहणं, बुडणारी रजा, लागणारं सामान आणि नंतरच्या सरावाच्या संध्याकाळी असे रकाने केले. शेवटच्या रकान्याने चित्र बदललं. फेस्टिव्हलच्या दोन दिवसांत जेवढं कानावर आणि अंगावर येणार होतं, ते पचवायला तिच्या दोन संध्याकाळींनी कित्येक महिने घेतले असते. तोवर निम्मं विसरलं असतं.

तिसरा निर्णय खरोखर अवघड होता. गुडघ्याचं आधी की कानाचं आधी? तिला तालाच्या सत्राची घाई होती, तारीख जवळ होती. माझं म्हणणं असं की दुखऱ्या गुडघ्याने केलेला प्रत्येक तासाचा सराव चुकीची सवय पक्की करतो, म्हणून पैसे आधी तिथे जावेत. शेवटी दोन्ही झालं, कारण तालाचं सत्र स्वस्त होतं आणि त्यात बहुतेक वेळ बसूनच काम होतं. तारखा एकमेकींवर आल्या असत्या तर मी गुडघ्याच्याच बाजूने उभी राहिले असते. शिवाय दुखणं महिनोन्महिने चालू असेल तर नृत्यशिक्षिकेच्या आधी फिजिओथेरपिस्टला दाखवायला हवं. तिने तसं दाखवलं, आणि त्याचा खर्च वर्कशॉपच्या रकमेतून केला नाही.

चौथा निर्णय फेस्टिव्हलचा. पूर्ण पासऐवजी एकच वर्ग घेता येतो का, हे तिने आयोजकांना विचारलं. येत होता. पैसे भरण्याआधी आणखी काय विचारायचं याचीही आम्ही उजळणी केली : वर्गात किती जणी असतील? रचना शिकवणार की तंत्र? 'ओपन लेव्हल' म्हणजे नक्की काय? शेवटी व्हिडिओ घेऊ देतात का? वापरलेल्या संगीताची नावं देतात का? जाता आलं नाही तर जागा दुसरीला देता येते का? व्हिडिओचा प्रश्न छोटा वाटतो, पण रचनेच्या वर्गात शेवटचा व्हिडिओ नसेल तर घरी गेल्यावर हाती फारसं उरत नाही. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, म्हणून तिने सईदीचा एक वर्ग निवडला, काठीसह. व्हिडिओत तिचा पाय जिथे अडकला होता, नेमकी तीच जागा.

ड्रम सोलोचं वर्कशॉप तिने सोडलं. तिला वाईट वाटलं आणि मी त्यावर सारवासारव केली नाही. तिची एक मैत्रीण तिथे जाणार होती. दोघींनी ठरवलं की आपण एकमेकींना टिपणं द्यायची. इथे एक मर्यादा पाळायला हवी : दुसऱ्या शिक्षिकेने बसवलेली रचना जशीच्या तशी पुढे शिकवणं किंवा तिचा व्हिडिओ फिरवणं योग्य नाही. ती रचना तिच्या पोटापाण्याचा भाग आहे. आपल्याला काय समजलं, सराव कसा करायचा, हे मात्र मोकळेपणाने सांगावं.

प्रत्यक्षात काय घडलं

खासगी तासांपैकी पहिल्या तासाचा बराचसा वेळ नुसतं उभं राहण्यात गेला. गुडघे सैल, ओटीपोट पुढे किंवा मागे न झुकवता मध्यावर, वजन दोन्ही तळपायांवर. त्या शिक्षिकेने तिला शिमी अगदी संथ करायला लावली, इतकी की प्रत्येक गुडघा वाकताना आणि सरळ होताना वेगळा दिसावा. सरळ होताना शेवटचा झटका द्यायचा नाही, एवढीच सूचना पुन्हा पुन्हा. नंतरच्या तासांत वेग हळूहळू वाढवला. मग नितंबाच्या स्नायूंतून निघणारी शिमी शिकवली, म्हणजे सगळा भार गुडघ्यावर येत नाही. वर्षभराच्या रकमेतला सगळ्यात मोठा वाटा या तासांवर गेला आणि एकही नवी 'स्टेप' मिळाली नाही. मधल्या काळात तिला शंका आली होती की आपण पैसे अडकवून बसलो की काय.

तालाच्या सत्रात वादकाने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. तो मकसूम वाजवत राहिला आणि न सांगता सईदीवर गेला. मधले दोन दुम लागोपाठ ऐकू आले की हात वर करायचा. सुरुवातीला हात उशिरा वर जायचे, शेजारणीची चाहूल लागली की जायचे. हळूहळू ते बरोबर जागी जाऊ लागले. मग त्याने सांगाडा झाकून टाकला, मधल्या जागा बारीक आघातांनी भरल्या, आणि तरीही दुम शोधायला लावले. खऱ्या गाण्यात ठेका असाच झाकलेला असतो. तिने त्या दिवशी फोनमध्ये तिन्ही ठेके बोलून रेकॉर्ड केले आणि येता-जाता मांडीवर वाजवत राहिली. या सरावाला खोली लागत नव्हती, आरसा लागत नव्हता, संध्याकाळ लागत नव्हती. वेळेची अडचण इथे आपोआप थोडी सुटली.

फेस्टिव्हलमध्ये मात्र एक गोंधळ झाला. नोंदणीच्या टेबलावर मदत केली तर वर्गाची फी माफ, असं आयोजकांनी सुचवलं आणि तिने आनंदाने होकार दिला. कामाची वेळ आणि वर्गाची वेळ यांत अंतर नव्हतं. रांग लांबली, ती वर्गात पोहोचली तेव्हा वॉर्म-अप संपला होता आणि काठी कशी धरायची हेही दाखवून झालं होतं. मनगट न वळवता ती बोटांच्या जोरावर काठी फिरवत राहिली, ते शिक्षकांच्या लक्षात यायला वेळ लागला.

तरी त्या वर्गाने बरंच दिलं. शिक्षकांनी काठीमागचा इतिहास सांगितला : वरच्या इजिप्तमधला तहतीब हा पुरुषांचा काठीचा खेळ, जो 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला, त्याची नजाकतीने घेतलेली छटा म्हणजे स्त्रियांचा काठीनाच. महमूद रेदा यांच्या 1959 मध्ये स्थापन झालेल्या संचाने असे लोकनाच मंचासाठी कसे बांधले, हेही त्यांनी अंगाने करून दाखवलं. कान तयार असल्यामुळे हे तिला पोहोचलं. वर्गातल्या बऱ्याच जणी काठी बघत होत्या, ती दुम ऐकत होती.

मैत्रिणीच्या टिपणांतून एक उपयोगी गोष्ट मिळाली. ड्रम सोलोच्या शिक्षिकेने नाचण्याआधी प्रत्येक वाक्य तोंडाने म्हणून घेतलं होतं. जे म्हणता येत नाही ते अजून नाचायचं नाही, असा तिचा नियम. आम्ही तो आमच्या वर्गात लगेच सुरू केला.

निकाल

वर्षाअखेरीच्या नाचात दरबुकावाल्याने मुद्दाम मकसूमवरून सईदीवर उडी घेतली. तिचं पाऊल एका आवर्तनात बदललं. छाती उचलली गेली, टाच जमिनीला भिडली. ठरवून केलेलं नव्हतं ते. वादकाने तिच्याकडे बघून तोच भाग आणखी लांबवला, आणि असं घडतं तेव्हा नाचणारा आणि वाजवणारा खऱ्या अर्थाने एकत्र असतात. माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा आनंद तो होता. गुडघा नंतर दुखला नाही. लांब तालमीनंतर कधीतरी जाणवतो, पण तिला आता कारण कळतं आणि ती थांबते.

तक्सीमचा प्रश्न मात्र सुटला नाही. ठेका थांबल्यावर ती आता आकडे मोजत नाही, पण घाई करते. सुरावर थांबून राहण्याचं धैर्य अजून आलेलं नाही. हे एका वर्षात येईल अशी माझीही अपेक्षा नव्हती. खर्चाच्या बाबतीत ती ठरवलेल्या रकमेच्या आत राहिली, थोडे पैसे उरलेही. झिल्सचा कोर्स घेतला नाही, कारण त्यासाठी संध्याकाळ शिल्लक नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, गाला शो. आम्ही फेस्टिव्हलकडे 'वर्ग किती आणि फी किती' एवढ्याच नजरेने पाहिलं. ती त्या शहरात गेली होती, प्रवासखर्च झालेलाच होता, आणि फक्त शोचं तिकीट उरलेल्या पैशांत सहज बसलं असतं. तिने आजवर अनुभवी नर्तकीला समोर बसून कधी पाहिलेलं नाही, सगळं पडद्यावर. तक्सीममध्ये थांबायचं कसं, हे समोर बसून पाहिल्याने जितकं कळतं तितकं सांगून कळत नाही. श्वास दिसतो, शांतता ऐकू येते. तिच्या तिसऱ्या वाक्याला सगळ्यात जवळचं उत्तर कदाचित प्रेक्षागृहात होतं.

दुसरं, टेबलावरची मदत. सवलतीचा सौदा वाईट नव्हता, पण कामाची वेळ लेखी घ्यायला हवी होती आणि वर्गाआधी मोकळा वेळ मागायला हवा होता. तेवढ्याने भागत नसेल तर फी भरलेली बरी. गुडघ्याचा इतिहास असलेल्या मुलीने वॉर्म-अप चुकवणं ही किरकोळ बाब नव्हे.

तिसऱ्या मुद्द्यावर तिचं आणि माझं एकमत नाही. तिला वाटतं खासगी तास कमी घेऊन ड्रम सोलोचं वर्कशॉप बसवता आलं असतं : शिमीची दुरुस्ती पहिल्या काही तासांतच कळली होती, पुढचे तास एकटीने सराव करून भरून निघाले असते. मला ते तास आवश्यक वाटतात, कारण संथ शिमी बरोबर करणं आणि वेगातही ती बरोबर राहणं यांत मोठं अंतर आहे आणि ते अंतर एकटीला आरशात दिसत नाही. तिच्या बाजूनेही एक खरं कारण आहे. वर्षभर केवळ दुरुस्ती करत राहिलं तर नाचण्याची ओढ कोरडी पडू शकते. केवळ आनंदासाठी एक वर्कशॉप ठेवायला हवं होतं, हे म्हणणं मी पुढच्या वेळी निवड करताना विचारात घेणार आहे.

येत्या वर्षासाठी तिने रक्कम तेवढीच ठेवली आहे. त्यातून गाला शोच्या तिकिटाचे पैसे तिने सगळ्यात आधी वेगळे काढले. तक्सीमसाठी नृत्यशिक्षिकेऐवजी ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवणाऱ्या एकाकडे ऐकायला बसायचं, असं तिच्या मनात आहे, आणि तो तासाला किती घेईल याची चौकशी सध्या चालू आहे.